आठ हातांची वज्रकेशी आणि म्हसळ्याचं स्थळ

किहीम, १२ जानेवारी १९५७

चि. सदास,
केसरताईचे अनेक आशीर्वाद. इथे सारं ठीक. तुझा खोकला गेला का? गेला नसेल तर आधी वैद्य गाठ, देव्या मागून घडव.

तुझी कादंबरी पोचली. बाळाजीदादा रोज जेवणानंतर पडवीत बसून मोठ्याने वाचतो. हसून माझं पोट दुखलं. काय ती तुझी आदिशक्ती वज्रकेशी! हात आठ (पण एकही चुलीपाशी गेलेला नाही), बसायला वाघ (तो बिचारा खातो काय, त्याचा पत्ता नाही), न्याहारीआधी सात राक्षस मारते आणि राजपुत्र दिसला की पदराचं टोक चावते. अरे, पदर आला कुठून? मागल्या पानावर चिलखत होतं ना! बाईला देवी करायचं म्हटलं की तुम्हा पुरुषांना तिचे हात वाढवायचं सुचतं, अक्कल वाढवायचं सुचत नाही.

परवा दादाच्या लेकीला, राहीला, मागणी घालायला म्हसळ्याचा भागोजी आला. चाळिशीचा बिजवर, आणि पोर मार्चात मॅट्रिकला बसायची! दादा सुपारी फोडणार, तोच घरातल्या एका बाईच्या अंगात आलं (कोणाच्या ते विचारू नकोस). केस सोडून घुमायला लागली, "मी वज्रकेशी! पोरीला हळद लावाल तर वाघ सोडीन!" शेजारची नीराबाई पुटपुटली, "ही कंची देवी? आपल्या गावची न्हाय." दादा हात जोडून म्हणाला, "अगं, बुकातली हाय! छापलेलं खोटं असतं व्हय?" आणि त्याने तुझ्या कादंबरीलाच हळदकुंकू वाहिलं, वर नारळ. भागोजी पळाला, त्याच्या वहाणा अजून पडवीत आहेत.

काय म्हणावं या खुळ्यांना! हातीपायी धड पोर "मला शिकायचंय" म्हणून महिनाभर रडते, तिचं कोणी ऐकत नाही, आणि कागदावरच्या बयेपुढे नाक घासतात. मला भारी संताप येतो. आता दादा म्हणतो, दुसरा भाग येऊ दे. देवीने त्यात राजपुत्राला माळ घातली, तर आपणही भागोजीला परत बोलावू.

तुझी,
केसरताई

ता. क. दुसऱ्या भागात तिचं लग्न लावशील तर याद राख. राजपुत्र वाघाला घाल. वाघाच्या खाण्याचाही प्रश्न सुटेल.

आणखी एक. घुमून घुमून माझी मान आखडली आहे, मलमाची डबी पाठव. मला तेराव्या वर्षी उजवलं, तेव्हा असली देवी कोणी छापली नव्हती रे.