रितूच्या मर्जीचा घास

तांडापेठ, नागपूर
रविवार, दुपार

प्रिय अंजू,

सासऱ्याचं पत्र आलेलं पाहून आधी तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळे सुखरूप आहेत. रितू गच्चीवर माझ्याजवळच खेळते आहे, प्रज्वल दुसऱ्या पाळीला बुटीबोरीला गेला आहे, आणि मी उन्हाकडे पाठ करून लिहायला बसलो आहे. जन्मभर एसटी चालवली, सही करण्यापलीकडे लिहायचं काम फारसं पडलं नाही, तेव्हा अक्षर गोड मानून घे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण आपल्या घरात फोन वाजला की तो आधी रितूच्या हातात जातो, आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर तू 'बरं बाबा, ठेवते' म्हणतेस. गेले काही दिवस तू फारच लवकर फोन ठेवते आहेस. पत्राला घाई नसते. खोलीतल्या मुली झोपल्या की निवांत वाच.

तू भुसावळला रेल्वेचं इंजिन चालवायला शिकायला गेलीस, तेव्हा जाताना मला रितूच्या खाण्याचं सगळं समजावून सांगितलं होतंस. समजावण्यासारखं होतं तरी काय? दूधभात, दुधात बुडवलेलं बिस्कीट आणि आलूचे चिप्स, एवढाच बाईसाहेबांचा संसार. वरणावर सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, एक हिरवं पान दिसलं तरी ताट लोटून द्यायची. मी म्हटलं, दूधभात तर दूधभात, त्यात काय अवघड आहे. तू गेल्याच्या पहिल्याच सकाळी भात मऊ शिजवला, दूध घातलं, साखर घातली, तू घालतेस तसं चिमूटभर मीठही घातलं. तिनं एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा मम्मीचा नाही आहे." झालं. तोंड मिटलं ते मिटलंच. म्हणजे जेवण म्हणावं अशी होती नव्हती ती एक वस्तूही गेली.

मग आम्ही बापलेकांनी जे केलं ते आठवून आता हसू येतं, तेव्हा मात्र येत नव्हतं. मी वाटी घेऊन तिच्यामागे घरभर फिरायचो. एक घास चिऊचा, एक काऊचा, एक तांडापेठेतल्या प्रत्येक कुत्र्याचा. प्रज्वल मोबाइल लावून द्यायचा आणि तिचं तोंड उघडं राहिलं की चमचा आत सारायचा. एकदा ड्यूटीवरून दमून आला आणि ओरडलाच, "काहून नाही खात? खाल्ल्याशिवाय उठायचं नाही!" रितूनं वरणभाताचा घास गालात धरला आणि तशीच बसून राहिली, एखाद्या माकडाच्या पिल्लासारखी. डोळ्यांतून पाणी, पण घास खाली नाही. शेवटी सगळं माझ्या पायजम्यावर ओकून टाकलं. मी पायजमा धुतला, प्रज्वलनं फरशी पुसली. त्या दिवशी तुला काही सांगितलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी तुझी सिग्नलची परीक्षा होती.

तिला घेऊन मी धंतोलीला गेलो. लहान मुलांच्या डॉक्टर आहेत तिथे, नीलाबाई म्हणून, वयानं तुझ्याहून थोड्याच मोठ्या. त्यांनी रितूचं वजन केलं, पोट दाबलं, जीभ पाहिली, आणि तिला खेळायला पाठवून मला म्हणाल्या, "आजोबा, मुलगी छान आहे. आजारी तुम्ही दिसताय." मी म्हटलं, डॉक्टरीणबाई, भूक लागायचं औषध द्या. तर म्हणाल्या, "औषध तुम्हालाच देते. काय वाढायचं आणि कधी वाढायचं, ते तुम्ही ठरवा. खायचं की नाही आणि किती खायचं, ते तिला ठरवू द्या." त्यांनी सांगितलं की मुलांना नवीन भाजी म्हणजे नवीन पाहुणा. दारात आल्या आल्या कुणी पाहुण्याच्या गळ्यात पडत नाही. आधी पाहावं, मग वास घ्यावा, हात लावावा, कधी जीभ लावावी, आणि नाही आवडलं तर तोंडातून काढायची मोकळीक असावी. मी विचारलं, आणि उपाशी राहिली तर? "एका जेवणाला राहील. पुढच्याला तिलाच भूक लागेल. पण तुम्ही तिच्या ताटाकडे टक लावून बघायचं नाही."

अंजू, हे शेवटचं सगळ्यात कठीण. ज्या माणसानं अख्खी नोकरी आरशातून मागच्या गाड्या बघण्यात घालवली, त्याला बाजूच्या ताटाकडे बघू नको म्हणायचं! मी मान सरळ ठेवायचो, पण डोळे आपोआप तिकडे वळायचे. रितूला ते लगेच कळायचं. "आबा, तुमचं ताट तिकडे आहे," म्हणायची. पहिले काही दिवस तिनं नुसती कोरडी पोळी खाल्ली. मी गप्प. प्रज्वल गप्प. तिच्या ताटात रोज आम्ही जे खायचो तेच थोडंसं वाढलेलं, नखाएवढं, आणि शेजारी एक रिकामी वाटी. आवडलं नाही तर त्यात थुंकायचं, कुणी रागावणार नाही. तिनं तिचं नाव ठेवलं थूवाटी. मग म्हणाली, तुम्हालाही पाहिजे. तेव्हापासून आपल्या घरात तिघांच्या ताटाशेजारी तीन थूवाट्या असतात. घरी कुणी जेवायला आलं तर काय सांगावं, हा प्रश्नच आहे.

खरी गंमत झाली ती तुरीच्या शेंगांनी. सध्या बाजारात हिरव्या शेंगांचे ढीग लागले आहेत. मी रितूला घेऊन गेलो आणि म्हटलं, आज भाजी तू निवड. ती भेंडी, पालक, मुळे सगळ्यांवरून वरिष्ठ अधिकाऱ्यासारखी फिरली आणि शेंगांजवळ थांबली, कारण तिथे एक बकरी शेंगा खात होती. "बकरीला आवडतात," म्हणाली. बकरीची शिफारस मानून आम्ही पिशवीभर शेंगा घेतल्या आणि गच्चीवर सोलायला बसलो. मी एक सोलेपर्यंत ती अर्धीच सोलायची, दाणे उडून शेजारच्या कौलांवर जायचे. एका शेंगेतून हिरवी अळी निघाली. मला वाटलं, संपलं आता, ही जन्मात शेंगेला हात लावणार नाही. तर ती म्हणाली, "ही खाऊन राहिली होती, आपण तिचं घर तोडलं," आणि अळीला अख्ख्या शेंगेसह तुळशीच्या कुंडीत ठेवून आली. परत आली ती एक दाणा चिमटीत धरून. वास घेतला. जीभ लावली. तोंडात टाकला, चावला, आणि पळत जाऊन थूवाटीत थुंकला. मी शेंग सोलत राहिलो. देवाची शपथ, मान वर केली नाही. थोड्या वेळानं परत कुर्रकन चावल्याचा आवाज आला. या वेळी पळण्याचा आवाज काही आला नाही.

त्या संध्याकाळी मी त्याच तुरीच्या दाण्यांचा सोलेभात केला. होय, मी. तुझ्या सासूबाई असत्या तर कपाळाला हात लावून दारातच बसल्या असत्या. पण भात करपला नाही. रितूनं भातातले सगळे दाणे वेचून एका बाजूला काढले. प्रज्वलचा चेहरा पडला. ती म्हणाली, "हे माझे सोललेले आहेत, हे मीच खाईन," आणि एकेक करून खाल्ले. वर आमच्या ताटातले मागितले. प्रज्वलनं आपला सगळा भात उपसून तिला दाणे शोधून दिले आणि स्वतः नुसता भात खाल्ला. एवढ्या आनंदानं नुसता भात खाणारा माणूस मी पाहिला नाही.

मग रितूनं नियम काढला की रविवारी प्रत्येकानं आपल्याला न आवडणारी एक वस्तू खाऊन पाहायची. आणि वस्तू ठरवणार तीच. प्रज्वलच्या वाट्याला मुळा आला. माझ्या वाट्याला काय आलं असेल ते तू ओळखलंस. माझं कारल्याशी किती वैर आहे, ते साऱ्या खानदानाला माहीत आहे. मी नरखेडला मुक्कामी गाडी घेऊन गेलो की तुझ्या सासूबाई त्याच दिवशी घरी कारलं करायच्या, म्हणजे मला वासही यायला नको. आणि इथे ही एवढीशी पोर माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आबा, डोळे मिटायचे नाहीत." मी कारल्याचा काप तोंडात घातला. दोनदा चावला. आणि तिसऱ्यांदा चावायच्या आत थूवाटीत. रितू हसून हसून आडवी झाली. मग उठली, माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि अगदी नीलाबाईंच्या सुरात म्हणाली, "असू द्या. उद्या परत पाहू. जबरदस्ती नाही." एवढं बोलून तिनं स्वतःच एक काप उचलला. तोंड वाकडं केलं, डोळे बारीक केले, खांदे कानापर्यंत नेले, आणि गिळला. "कडू आहे," म्हणाली. "पण गेलं." प्रज्वल उठून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला.

आता ती सगळंच खाते असं नाही, उगाच खोटं कशाला सांगू. वांग्याकडे बघतही नाही. टमाटर दिसलं की म्हणते, याची न् माझी अजून ओळख नाही. काही दिवस पुन्हा नुसत्या पोळीवर येते, आणि आम्ही गप्प जेवतो. पण पालकाची भाजी खाते, ताकाची कढी पिते, संत्र्याच्या फोडी बिया काढून तीच मला भरवते. काल झुणक्याला बोट लावून चाटलं आणि तिखट लागलं म्हणून घरभर पळाली, पाणी प्यायली, आणि परत येऊन दुसरं बोट लावलं. अंगणवाडीत ताईंना सांगून आली म्हणे की माझे आबा कारलं थुंकतात, पण ते शिकून राहिले.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. मंगळवारी तुझी नणंद शामला उमरेडहून आली होती. नेमकं त्याच दिवशी रितूनं ताट लोटलं आणि पोळीचा तुकडा घेऊन उठली. शामलाचा जीव कळवळला आणि तिनं घरी जाऊन तुला फोन केला, की पोरगी इकडे उपाशी राहते आणि आई तिकडे इंजिन चालवते. माझ्या मुलीचं मन वाईट नाही, अंजू. तिनं एका दिवसाचं ताट पाहिलं, बाकीचे दिवस तिला दिसले नाहीत. पण काल प्रज्वलनं मला सांगितलं की तू ट्रेनिंग अर्ध्यावर सोडून परत यायचं ठरवलं आहेस आणि मला सांगू नको म्हणालीस. मी त्याला म्हटलं, तू काही बोलू नको, मी लिहितो. माझे वडील याच गल्लीत हातमागावर विणायला बसायचे. मी मोठा मुलगा. एसटीत भरती झालो तेव्हा सारे नातेवाईक त्यांना म्हणाले, अडवा याला, मागावर कोण बसेल? वडिलांनी मला अडवलं नाही. पहिल्या दिवशी डेपोपर्यंत आले आणि एवढंच म्हणाले, "गाडी सावकाश चालव." आज ते मी तुला म्हणतो आहे. रितूला तुझी आठवण येते, रोज येते, ते मी लपवणार नाही. रात्री तुझी चादर अंगावर घेऊन झोपते. पण जेवायला तिला आता ना तुझा हात लागतो ना माझा. तिच्या पोटाची काळजी म्हणून येऊ नकोस. येत्या शनिवारी आम्ही तिघं भुसावळला तुला भेटायला येतो आहोत, तिकिटं काढली आहेत. नागपूर स्टेशनवर इंजिनाजवळ जाऊन तिला ड्रायव्हरकाकांना विचारायचं आहे, की तुम्ही माझ्या मम्मीला ओळखता का. त्यांनी काय उत्तर दिलं ते ती तुला स्वतःच सांगेल. तोवर बॅग भरू नकोस, बेटा.

तुझाच,
बाबा