प्लंबर कोणाला म्हणायचं

तीर्थरूप बाबांना वल्लरीचा जयपूरहून साष्टांग नमस्कार.

हे डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट मोडलंय, पण प्लास्टर झालंय, काळजी नको. आईला घसरून पडले एवढंच सांगा.

प्लंबरांच्या परवान्याचे नियम मी लिहितेय ना, त्यावर काल सुनावणी होती. मी व्याख्या वाचली, "प्लंबर म्हणजे परवाना असलेली व्यक्ती." इथल्या झोटवाडा भागातले रामस्वरूपजी उठले. "मैडमजी, पच्चीस साल से नल जोड़ रहा हूँ. मैं कौन हूँ?"

मी म्हणाले, "नियमानुसार प्लंबर नाही."

त्यांनी पिशवीतला पाना काढून टेबलावर हाणला. काच फुटली. दुसरा घाव माझ्या हातावर बसला. मग रखवालदारांनी त्यांना खाली पाडून तोंड फुटेपर्यंत लाथा मारल्या. मी "बस करो" म्हणून ओरडत होते. त्यांचे दोन दात माझ्या पायाशी पडले.

पोलिसांना मी सगळं सांगितलं, लाथांसकट. आज व्याख्येत "किंवा दहा वर्षं हे काम केलेली" एवढं घातलं. साहेब चिडले, "मार खाऊन नियम बदलायचे?" मी म्हटलं, "चूक आधीचीच होती."

तुमची पाठ कशी आहे? अजून टाक्यांवर चढता का?

बाबा, चाळीस वर्षं तुम्हीही परवान्याशिवायच नळ जोडलेत. ती पहिली व्याख्या लिहिताना मला तुमची आठवणसुद्धा झाली नाही.

तुमची लेक,
वल्लरी