बर्फाच्या कारखान्यातला लॅपटॉप

२१ मे २०१०
माझा भाऊ नंदू, त्याचा फोन. जहाज सिंगापूरला गोदीत, ५ जूनला निघणार. बाबांना ऐकू येत नाही. पाटीवर लिहिले, नंदू बरा आहे. त्यांनी वाचली नि पालथी ठेवली. त्यांच्या मते नंदू बुडाला, आणि आम्ही लपवतोय. गेल्या वर्षी शेजारच्या म्हातारीपासून तिच्या मुलाचे बुडणे असेच लपवले होते. लपवणाऱ्यांत बाबा होते.

२३ मे
नंदूचा नवा फोटो दाखवला. "फोटो बुडलेल्याचोव आसता."
डॉक्टर म्हणतात, बाबांच्या हाती दोन आठवडे. कदाचित तेवढेही नाहीत.
बाबांची अट. "मी सांगतलंय तेवा त्येणां हात वर करूक होयो." म्हणजे थेट चित्र हवे, अंथरुणापाशी.

२५ मे
नंदूचा जुना लॅपटॉप काढला. त्यात त्यानेच घातलेले लिनक्स. इंटरनेटचे डेटा कार्ड आणले. जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते ओळखत नाही. नवा कर्नल घातला. काळ्या पडद्यावर एक ओळ: ६८६ प्रोसेसर हवा, हा जुना ५८६. पुढे काही नाही.

२६ मे
कॅफेवाला संगणक घरी न्यायला देत नाही. म्हणाला, टीचर, तो लॅपटॉप भंगारात द्या.
नंदूचे म्हणणे, नवा कर्नल याच प्रोसेसरपुरता, मूळ कोडपासून, लॅपटॉपवर आपणच बांधायचा. दीड दिवस लागेल. मधे वीज जाता कामा नये. बॅटरी मेलेली. इथे भारनियमन, रोज दोनदा.

२८ मे
बर्फाच्या कारखान्यात जनरेटर आहे. तातू तिथे ऑपरेटर, शाळेत माझ्याबरोबर शिकला. कोपऱ्यातले टेबल दिले. तापलेल्या लॅपटॉपला त्याने हात लावून बघितला. "बाय, आमी हय बर्फ करतंव, आणि तू ह्यां काय शिजवतंस?"
अमोनियाचा वास. पडद्यावर ओळी सरकताहेत.

३० मे
बांधून झाला. सुरू केला. तीच ओळ.
प्रोसेसरच्या यादीत आधीपासून ६८६ निवडलेला असतो. तो बदलायचा राहिला. चूक माझी.
बाबांनी आज पेज घेतली नाही.

३१ मे
५८६ निवडला. तीनदा पाहिले. पुन्हा बांधायला लावला. पावसाळा आला, मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढायला लागलेत, बर्फाला गिऱ्हाईक नाही. उद्या दुपारी कारखाना बंद.

१ जून
बंद झाला. जनरेटर तातूने संध्याकाळपर्यंत चालू ठेवला. मालकाला सांगितलेले नाही, एवढेच मला म्हणाला.

२ जून
चालला. कार्डाचा दिवा लागला. कुणाला सांगावेसे वाटले नाही. बाबा डोळे क्वचित उघडतात.

४ जून
नंदू सिंगापूरच्या कॅफेत. चित्र आले, अडखळत. बाबांना उशीला टेकवून बसवले. बराच वेळ बघत राहिले. मग स्वतःच म्हणाले, "हात वर कर."
मी नंदूला फोनवर सांगितले. चित्र थांबले. पुढचे आले त्यात हात वर होता. वर जाताना दिसला नाही.
बाबा म्हणाले, "हे दोन फोटो." भिंतीकडे वळले.
फोनही मधेच कट झाला. पडद्यावर हात अजून वर आहे. चित्र अडकले आहे, की नंदूच खाली करत नाही, कळत नाही.