थर्झाचा कागदी मुकुट

नेदर ओक्ली, हॅम्पशायर
१४ मे १८७४

प्रिय जेबेझ,

घरी सगळे सुखरूप असाल. तुझी गिरणी जोरात चालली आहे म्हणे. मी बरी आहे, कोंबड्याही बऱ्या आहेत. चर्चच्या मनोऱ्यातल्या थोरल्या घंटेला चीर गेली. नव्या पाद्रीसाहेबांनी उत्तरेच्या भिंतीवरचा चुना खरवडला, तर आतून संत ख्रिस्तोफर निघाला, खांद्यावर बाळ घेऊन. तीनशे वर्षं चुन्याखाली गप्प उभा होता बिचारा. मला तेवढं गप्प राहणं जमायचं नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या थर्झाचा मुकुट मी चर्चमध्ये टांगला आहे. लग्नाआधी गेलेल्या निष्कलंक मुलीचा टांगतात तसाच: वाकवलेली हेझलची काठी, पांढऱ्या कागदाची फुलं, खाली लोंबणारे कागदी हातमोजे. आजीच्या बहिणीचा अजून तुळईवर आहेच की.

तीन रविवार तो दाराशी असतो. मुलीच्या चारित्र्याबद्दल ज्याला काही म्हणायचं असेल, त्याने हातमोजा ओढून सगळ्यांदेखत म्हणावं. कोणी उठलं नाही, तर मुकुट तुळईवर चढतो. दोन रविवार गेले. कोणी उठलं नाही. तू तर फिरकलाच नाहीस.

बाजारात मात्र तुझी जीभ चालते. "ताप कसला? पोरगी पोटुशी होती. आमच्या ईनॉसच्या गळ्यात पडायला बघत होती!" अंडी घेता घेता डाउन्सबाईंनी मला ऐकवलं. मी अंडी मोजून दिली, घरी आले आणि मग रडले.

तिला शेवटची आंघोळ मी घातली, जेबेझ. काय होतं आणि काय नव्हतं, मला ठाऊक आहे. तुला सांगणार नाही. माझ्या पोरीची साक्ष काढायला तू कोण लागून गेलास?

आणि ती हेझलची काठी कोणी तोडून आणली? तुझ्या ईनॉसनं. तू बाजारात होतास तेव्हा आला होता.

"आत्या, बाबांनी माझं नि थर्झाचं लग्न मोडलं तेव्हा मी शेपूट घातलं. आता नाही घालणार. रविवारी शिडी मी धरतो."

मी म्हटलं, "धरू नकोस. चढ."

या रविवारी तो चढेल. मुकुटाला हातमोजे पाच लागतात, मी चारच लावलेत. पाचवा या पत्रात आहे. हिंमत असेल तर तो घेऊन ये आणि सगळ्या गावासमोर उभा राहून बोल. नाहीतर जन्मभर तोंड बंद ठेव.

घालून मात्र बघू नकोस, फाटेल. तिच्या हाताच्या मापाचा आहे.

थर्झाची आई,
आणि नाइलाजाने तुझी ताई,
केझाया