दहावीचं अस्वल

सोमवार, २० जानेवारी

सगळ्यात मोठा ढीग आम्हाला! कोझाकबाईंच्या लोकरी टोपीतून चिठ्ठी मीच काढली — शिक्षकांच्या गाड्या लागतात तिथला बर्फ, शाळेच्या स्टॅनकाकाने बर्फ काढायच्या यंत्राने लोटून ठेवलेला. आता प्रत्येक वर्गाने आपापल्या ढिगाची मूर्ती करायची. शुक्रवारी जो वर्ग जिंकेल तो जूनपर्यंत जेवणाच्या रांगेत पहिला. आम्ही दहाच जण, म्हणून बारावीवाले आत्तापासून हसतायत. हसा लेको! आमच्यात चित्रकार एकटी रेनी. ती म्हणाली, झोपलेलं अस्वल करू.

गणिताच्या तासाला मात्र पचका. कोझाकबाई उत्तरांचा कागद टेबलावर विसरून बाहेर गेल्या. आम्ही सगळ्यांनी झटपट उतरवून घेतला. एकूण एक उत्तर चूक! मुद्दाम लिहून ठेवलेलं! बाईंनी परत येऊन वह्या तपासल्या. दहा जणांना दहा भोपळे दिले आणि वर डोनट वाटले.

आणि तास संपता संपता सांगितलं — शनिवारी त्या दूर विनिपेग शहरात चालल्या. कायमच्या. थोरल्या बहिणीने नोकरी लावून दिलीय, सोमवारी हजर व्हायचंय. तिथे दोन शाळांत शिकवायचं, त्यामुळे गाडी हवीच. "तिला नाही म्हणणं आजवर कोणाला जमलंय?" हे फळ्याकडे तोंड करून.

बाई गेल्यावर आम्हाला असं कोण फसवणार? डॅलस एवढा आडदांड, पण डबा न उघडता बसून होता. मलाही रडू आलं. लिहून टाकते, इथे कोण बघतंय!

मंगळवार, २१

अस्वलाचा पंजा कोरताना डॅलसच्या फावड्याला नारिंगी वायर लागली. थंडीत इंजिन गरम ठेवायला लावतात ती. ओढली, तर मागे लाल पत्रा. बाईंची गाडी! बाई शाळेला लागूनच राहतात, गाडी क्वचितच हलते. ती कुठे गेली हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग डॅलस म्हणाला, बाईंना सांगायला हवं.

"सांगू की," मी म्हटलं. "रविवारी."

आधी कोणाला कळेना. मग रेनीला हसू फुटलं, आणि तिने ती वायर परत बर्फात खुपसली.

बुधवार, २२

बादल्याच बादल्या! मूर्ती घट्ट व्हावी म्हणून सगळेच वर्ग पाणी शिंपडतात. आम्ही ओतलं. बारावीवाले विचारत होते, अस्वलाला अंघोळ घालताय का म्हणून.

दुपारी बाई चहाचा मग घेऊन बघायला आल्या. आमच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी अस्वलाभोवती एक चक्कर मारली.

"बूड जरा जास्तच बाहेर आलंय," म्हणाल्या.

तो बंपर होता. मी म्हटलं, खात्यापित्या घरचं आहे, बाई.

"मग नीट झाका. गारठेल ते." आणि गेल्या. बाईंची आज्ञा! आणखी बादल्या ओतल्या.

गुरुवार, २३

उणे चौतीस! देव पावला.

शुक्रवार, २४

बारावी जिंकली. परत. पडलंय कोणाला!

निकाल लागल्यावर बाईंनी हेडसरांना विचारलं, माझी गाडी कुठे दिसत नाही? आम्ही दहा जण आपापल्या बुटांकडे बघायला लागलो. डॅलसच्या पोटात काही राहत नाही. त्याने सगळं ओकलं. सर लालबुंद. पहार मागवली, ती अस्वलाच्या पाठीवरून टणकन उडाली. स्टॅनकाका म्हणाला, जोर केला तर गाडीचाच चुरा होईल, आता एप्रिलमध्येच काय ते.

बाईंनी तिथूनच बहिणीला फोन लावला. तिचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. सोमवारी आली नाहीस तर जागा दुसरीला देतील म्हणाली, मी कोणाकोणाच्या पाया पडले म्हणाली, आणि शेवटी, "मग बस तिथेच!"

बाईंनी फोन खिशात टाकला. चेहरा मख्ख. आणि तडक घरी गेल्या.

खरं तर मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण बाईंना तिकडे जायचंय का, हे आम्ही एकदाही विचारलं नाही. आम्हाला त्या हव्या होत्या, बस्स. फार लाज वाटतेय.

रविवार, २६

दहाही जण माफी मागायला गेलो. दार उघडलंच नाही. आत रेडिओ मोठ्याने लावलेला. रागातच असणार.

सोमवार, २७

पहिला तास गणित. बाई आल्या आणि गृहपाठ मागितला. कोणीच केला नव्हता.

मधल्या सुट्टीत स्टॅनकाका भेटला. म्हटलं, गाडीवर बर्फ तूच लोटलास आणि बोलणी आम्ही खाल्ली. तो चिडलाच.

"चिठ्ठ्या निघायच्या आधीच मी दोनदा विचारलं बाईंना, गाडी काढता का म्हणून. तर म्हणाल्या, राहू दे. लोट तिथेच. हा ढीग दहावीला जाणार आहे."