पीच खाल्लं कोणी?

प्रिय इनग्यू,

लेखक तू, आणि पत्र लिहायची पाळी माझ्यावर. तुझा फोन लागत नाही. 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती' म्हणणाऱ्या त्या बाईशी आता माझी चांगलीच ओळख झालीय. एखाद्या दिवशी तिलाच सांगणार आहे, बाई गं, आमच्या इनग्यूला म्हणावं दोन घास वेळेवर खा. मुळ्याची किमची पाठवलीय, ती मागच्यासारखी खिडकीत ठेवून आंबवू नकोस. शेजारच्यांनी तक्रार केली तर मी सोलला भांडायला येणार नाही.

या महिनाअखेरीस आईची तिथी आहे. येतोस का, असं मी विचारत नाहीये. विचारलं की तू नाही म्हणतोस, आणि तोंडातून गेलेला नकार मागे घेणं तुला जन्मात जमलेलं नाही; तो गुण तू बाबांकडून उचललास. चार वर्षं झाली, तू या घराचा उंबरा ओलांडलेला नाहीस. तेव्हा ते राहू दे. आधी तुझ्या सिनेमाबद्दल सांगते, कारण तू त्यावर गप्प बसलायस आणि आपलं गाव काही गप्प बसलेलं नाही.

छुसॉकच्या सुगीच्या सणाला, दुपारी घरोघरचं आवरल्यावर बायका माझ्या पार्लरमध्ये जमल्या. सणामुळे दुकान बंद होतं, पण टीव्ही माझ्याकडे मोठा, आणि आपल्या गावच्या पोरानं लिहिलेला विज्ञानपट म्हटल्यावर घरी कोण बसतंय! शेजारच्या बोराची आई वाफवलेल्या सॉंगप्योन करंज्यांचं भरलेलं ताट घेऊन आली. सुरुवातीला सगळ्या पोट धरून हसल्या. आणखी चाळीस वर्षांनी कोणाच्याच घरी स्वयंपाकाला बाई उरलेली नाही, म्हणून पूर्वजांच्या पूजेपुरता एक रोबो भाड्यानं आणतात आणि तिचं नाव काय, तर 'सूनबाई क्रमांक सात'! गिरणीवाल्या काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं कशाला? मी या घरात कंबर मोडून घेत होते तेव्हा कुठं मेली होती ही?" रोबो पडद्यावर आली तशी बोराची आई ओरडली, "अगं बाई, हा तर आमचा भाताचा कुकर! पाय तेवढे लावलेत." तुझ्या चॅनेलनं पैसे कुठं वाचवले ते सगळ्यांना तिथंच कळलं, पण गोडीनं कळलं, मनाला लावून घेऊ नकोस.

मग ती पूजा आली. सातनं मेजावर सगळं रीतसर मांडलं. मासे पूर्वेला, मांस पश्चिमेला, तांबडी फळं एकीकडे, पांढरी दुसरीकडे. आणि शेवटी, गेलेल्या आजीच्या भाताच्या वाटीशेजारी, एक अख्खं पिवळंधमक पीच. पार्लरमध्ये एकदम आरडाओरडा. "उचल ते! उचल गं!" काकू टीव्हीला सांगत होत्या, "पीच दिसल्यावर गेलेलं माणूस दारात तरी पाऊल टाकेल का?" सिनेमातले लोकही तेच ओरडत होते, आणि तुझी ती कुकरबाई शांतपणे म्हणाली, "मी घरातल्या सगळ्यांना विचारलं, आजींना काय आवडायचं. सगळ्यांनी एकच सांगितलं." मग घरातले रीतीप्रमाणे खोलीबाहेर थांबले, आतल्याला निवांत जेवता यावं म्हणून दार लावून घेतलं, आणि परत उघडलं तर मेजावर पीचची नुसती कोय. संपला सिनेमा. माझ्या पार्लरमध्ये कोणी उठेना. शेवटी बोराच्या आईनं नाक पुसत विचारलं, "पण रोबोला तर तोंडच नव्हतं ना?"

आता तुझ्या चॅनेलच्या संकेतस्थळावरचा तो प्रेक्षकांचा फलक. मी सगळा वाचला. गिऱ्हाइकांच्या डोक्याला पर्मचं औषध लावून ठेवायचं आणि ते मुरेपर्यंत वाचत बसायचं, असे माझे कितीतरी दिवस गेले. मला वाटलं होतं, लोक विज्ञानातल्या चुका काढतील. चाळीस वर्षांनंतरही चटई तीच कशी, रोबोची वायर मागे दिसते ती कशी. एकानंही विचारलं नाही रे! सगळे पीचवर. 'लेखकाला घरचं वळण नाही.' 'याच्या आईवडिलांनी याला काय शिकवलं?' 'सणासुदीला मुलाबाळांसमोर असलं दाखवता, लाज वाटत नाही?' एका आजोबांनी तर माशाचं तोंडही उलट्या बाजूला होतं म्हणून मोठा निबंध लिहिला होता. चॅनेलनं घाबरून माफी मागितली आणि त्याखाली तू एक ओळ लिहिलीस, की चूक सर्वस्वी लेखकाची आहे, तो यापुढे लिहिणार नाही. आणि फोन बंद केलास. ती ओळ वाचून मी हातातला ब्रश खाली ठेवला आणि त्या दिवशी दुसरं कुणाचं डोकं हातात घेतलं नाही.

पण तू पुढे वाचलंस का? नसणारच वाचलं. तू अर्ध्यातून उठणारा. पुढे एक बाई लिहिते, तिच्या वडिलांना दुधाची कॉफी आवडायची, म्हणून ती दर तिथीला सूपच्या वाडग्यामागे एक कप लपवून ठेवते, आत्याला दिसू नये म्हणून. कोणी लिहिलंय, आजीला सरबत पाहिजे होतं आणि डॉक्टरनी बंद केलं होतं, आता मेजावर ठेवायला तरी कुठला डॉक्टर अडवणार आहे? आणि मग वाद लागला, की ते पीच खाल्लं कोणी. नातीनं खाल्लं म्हणणारे, आजोबांनी खाल्लं म्हणणारे, आणि आजीच आली होती म्हणणारे. एकमेकांना अहो-जाहो करत नुसत्या शिव्या. असा गोड तमाशा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

आणि मला आई आठवत होती. जन्मभर तिनं पीचच पिकवली. फळांना कागदी पिशव्या बांधायच्या दिवसांत ती शिडीवरून फक्त जेवायला उतरायची. त्यांच्या लवीनं तिचे हात, मान, सगळं लालभडक व्हायचं, तरी रात्री अंग खाजवत मला म्हणायची, "एवढं छळतं मेलं, पण वास बघ की!" चांगली फळं पेटीत, डागी घरात. तिनं आयुष्यात बिनडागाचं एक पीच खाल्लेलं मी पाहिलं नाही. आजोबांच्या तिथीला अंगणातल्या पेट्या उचलून ती मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवायची, वर ताडपत्री घालायची, आणि हसायची, "चारी बाजूंनी पीचची बाग, सासरे येतात तरी कुठल्या वाटेनं?" ते तू शेडच्या दाराशी उभा राहून ऐकायचास. तुला सगळं लक्षात राहतं, हाच तुझा ताप आहे.

म्हणून तिच्या पहिल्या तिथीला तू ते केलंस. बागेतलं सगळ्यात देखणं फळ निवडलंस, धुतलंस, पुसलंस, आणि सगळे हात जोडून उभे असताना तिच्या वाटीशेजारी ठेवलंस. मोठे काका खाकरले. त्यांच्या खाकरण्यावर आपल्या सगळ्या घराण्याचा कारभार चालत आलाय. आणि बाबांनी ते पीच उचलून उघड्या दारातून अंगणात भिरकावलं. म्हणाले, "पोरानं आईला दारातून परतवून लावलं." तू बुटात नीट पाय न घालताच निघालास. टाचा चुरगाळून चालत गेलास त्या उतारानं, आणि मागे वळून पाहिलं नाहीस.

तुला आजही वाटतं, की मोठ्या काकांसमोर मान राखायला बाबांनी ते केलं. माणसापेक्षा रीत मोठी, असंच ना? आणि हा विषय काढला की तू फोन ठेवतोस, म्हणून त्यानंतरचं तुला सांगायचं राहूनच गेलं. आता फोन नाही, ठेवशील कसा? तर ऐक. पाहुणे गेल्यावर मी मेज आवरायला घेतलं, तर बाबांनी हात धरला. "राहू दे." सूप गार झालं की मला गरम करायला लावायचे. मग टॉर्च घेऊन अंगणात गेले, गवतातून ते पीच हुडकून काढलं आणि पार बागेच्या टोकाला ओढ्याशी नेऊन टाकलं. परत येऊन हात धुतले, दार सताड उघडं ठेवलं, उंबऱ्याशी बसले आणि मला म्हणाले, "आता वाट मोकळी झाली. आता येईल ती." मी आडवी झाले तेव्हा बसलेले होते, उठले तेव्हाही तिथंच बसलेले होते, दव पडून केस ओले झालेले. रीत कसली रे, ते तिची वाट बघत होते. तुझ्यासारखीच. तू फळ ठेवून बघत होतास, ते फळ फेकून.

सिनेमाच्या दिवशी ते माझ्या पार्लरमध्ये आले नाहीत, घरीच एकटे बसले. मी जाऊन बघते तो टीव्ही चालू, त्यावर हवामानाच्या बातम्या, आणि हे भिंतीकडे बघत. "बघितलात?" म्हटलं. "काहीतरी चालू होतं," म्हणाले. पुढच्या आठवड्यात पुनःप्रसारण होतं, तेव्हा छाटणी अर्धी टाकून घरी आले आणि म्हणाले, पाय दुखतोय. बरोबर सिनेमा संपला तसा पाय थांबला. मग मोठे काका काठी टेकत आले, पोरानं घराण्याचं नाक कापलं म्हणून तासभर बोलले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादा, तुमचा टीव्ही मोठाय. आमच्या टीव्हीत एवढं स्पष्ट दिसलं नाही." आणि त्यांना उतारापर्यंत सोडताना अगदी काळजीनं सांगितलं, "तुमचे गुडघे दुखतात. यंदा तिथीला चढ चढून येऊ नका." काका अजून विचार करतायत, हा मान होता की अपमान.

परवा बाबा पार्लरमध्ये आले. पहिल्यांदाच. गिरणीवाल्या काकू डोकं गुंडाळून बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "काय दाजी, पर्म करायचाय का?" बाबांनी लक्ष दिलं नाही. मला म्हणाले, "ते मत कुठं देतात?" मी फलक उघडून दिला. तिथं आधी सभासद व्हायचं, नाव, नागरिक क्रमांक, पासवर्ड. "मत द्यायला माझी पत्रिका कशाला पाहिजे यांना?" तरी सगळं भरलं. चष्मा चढवून, पाठ ताठ करून बसले, आणि मी टंकायला बोटं ठेवली तर पडद्यावर आलं, की या कार्यक्रमाविषयी मत नोंदवण्याची मुदत संपली आहे. बाबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा खिशात घातला. मी म्हटलं, "लेखकाला थेट पत्र घालता येईल की." ते बुटाकडे बघत म्हणाले, "अशा लोकांचा पत्ता असतो का कोणाकडे?" तुझ्या किमचीच्या डब्याला दर खेपेला दोरी तेच बांधतात, इनग्यू, पत्ता लिहिलेली बाजू वर ठेवून. मी म्हटलं, "असेल कोणाकडे तरी."

म्हणून हे पत्र. खाली आहे ते एका प्रेक्षकाचं मत आहे, मी फक्त उतरवून घेतलंय. 'सिनेमा बरा होता. रोबोचं काम करणाऱ्या पोरीला इतकं वाकायला लावायला नको होतं, पाठ जाते. लेखकानं लिहिणं सोडू नये. लेखकाला विचारायचं आहे, की ते पीच कोणी खाल्लं. नक्की ठाऊक असेल तर कळवावं. नक्की ठाऊक नसेल तरी चालेल. यंदा आमच्या घरी ठेवून बघायचा विचार आहे. एक बिनडागाचं झाडावर राखलेलं आहे, पिशवी अजून काढलेली नाही. पण ते ठेवल्यावर खोलीबाहेर थांबायचं असतं, आणि मग दार उघडून बघायचं असतं. ते दार मला एकट्याला उघडवणार नाही.'

तुझीच,
मीरान ताई