दादाच्या गोदामातली माझी गाडी

४ फेब्रुवारी

भंगारवाल्याचा फोन! "बाई, गाडी तुमच्या नावावर आहे. तुमची सही लागेल."

कुठली गाडी?

"गोदामातली. लाल. दोन सीटांची. तुमचे भाऊ म्हणाले, उचला."

दादा माझी गाडी भंगारात घालतोय. मला न विचारता. आधी शर्यत हिरावली, मग बाबांचं गॅरेज गिळलं, आता उरलेला सांगाडाही वजनावर विकणार!

सही? मेले तरी देणार नाही.

५ फेब्रुवारी

दादाकडे जाऊन आले. किती वर्षांनी त्या फाटकातून आत पाऊल टाकलं! त्याला घरामागचं गोदाम पाडून जागा विकायचीय. महिनाअखेरीला तोडणारे येणार.

"अगं छोटे, सही कर आणि मोकळी हो. उंदरांनी खाल्लेला डबा आहे तो."

छप्पन्न वर्षांची झाले, अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवली, तरी याच्यासाठी मी छोटीच. म्हटलं, गाडी मी नेणार. तो हसला. "ने की! पण चालवत ने हं. ढकलत नेलीस तर गल्ली हसेल."

वहिनी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. नेहमीसारखी खाली मान. लग्न होऊन आली तेव्हापासून हिची मान वर झालेली मी पाहिली नाही.

"चालवतच नेईन," म्हणाले. तोंडातून निघून गेलं. पण बोलले ते बोलले.

७ फेब्रुवारी

ताडपत्री ओढली. धूळ अशी उडाली की खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. (धुळीनेच.)

चारही टायर बसलेले. ड्रायव्हरच्या सीटमध्ये उंदरांचं अख्खं खानदान. वायरी कुरतडलेल्या. बोनेट उघडेना, तर पक्कड घालून तार ओढली. रंग मात्र — बोटाने पुसला आणि खालून तोच लाल निघाला. बाबांनी आणला होता तोच.

एकदा लिहूनच टाकते. घाटातली मोटारींची शर्यत. मी अंतिम फेरीत पोचले होते, दादा पहिल्याच फेरीत बाहेर. बाबांनी सगळ्यांसमोर गाडी माझ्या नावावर केली. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढायला गेले तर गोदामाला नवं कुलूप. दगडाने ठोकलं, ओरडले, कोणी आलं नाही. आणि तिकडे घाटाच्या पायथ्याशी, बाबांना आणि सगळ्या लोकांना दादा सांगत होता, "छोटी घाबरली. तिनेच नाव मागे घेतलं."

मी बाबांना खरं सांगितलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "असू दे गं. भीती सगळ्यांनाच वाटते."

ते गेले ते मी भित्री आहे असं समजून गेले. हे मी दादाला कधीच माफ करणार नाही. कधीच!

८ फेब्रुवारी

बेत ठरला. गाडी त्याच्याच अंगणात, त्याच्या नाकावर टिच्चून चालू करायची. जाणकार बोलावून तिची किंमत काढायची, चार लोकांसमोर. मग विकायची कुणाला? दादाच्या गॅरेजमधल्या जुन्या भागीदाराला! दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. भागीदाराला जुन्या गाड्यांचा भारी नाद, आणि राहतो दादाच्याच गल्लीच्या टोकाला. रोज सकाळी दादा दात घासत गच्चीत उभा राहील आणि खालून माझी गाडी जाईल. हॉर्न वाजवत!

आज जेवण गोड लागलं.

११ फेब्रुवारी

इंजिन जाम. हँडल घालून फिरवून पाहिलं, तसूभर हललं नाही. घाई केली तर आतलं काहीतरी मोडेल. चारही प्लग काढले, आत तेल सोडलं. मुरू दे.

टायर नवे बसवले, टाकीतलं पेट्रोल उपसलं. ते पेट्रोल कसलं, चिकट काळा चिखल. कपड्यांना असला वास की बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

वहिनी दोनदा डोकावून गेली. एकदा चहा, एकदा "टॉवेल हवाय का, वन्सं?" हेरगिरी! आत जाऊन सगळं सांगत असणार. मी तोंडातून अवाक्षर काढत नाही.

१३ फेब्रुवारी

नाही हललं.

१५ फेब्रुवारी

हललं!! गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागे-पुढे झुलवत होते. खांदा भरून आला. एकदम आतून 'कट्' झालं आणि चाकं सरकली. मी ओरडलेच. वळून पाहते तर वहिनी दारात, तोंडावर हात धरून हसत होती. मला पाहताच पळाली.

१८ फेब्रुवारी

कार्बुरेटर सोडवून उकळला, जाळ्या साफ केल्या. ब्रेकचे रबर सगळे गेलेले, नवे बसवले. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक — आम्ही त्याला खोकल्या म्हणतो — वायरिंगला आला. काम कमी, टोमणे जास्त. "बाई, ही चालू झाली तर मी बिडी सोडीन." म्हटलं, मग आजच सोड.

दादा येऊन गेला. कमरेवर हात. "किती जीव काढतेस, छोटे! तेव्हा एवढी जिद्द दाखवली असतीस तर?"

हातात पाना होता. हात आवरला.

२१ फेब्रुवारी

चालू झाली.

पहिल्यांदा शिंकली. मग फटाका. मग गोदामभर निळा धूर, आणि धुरातून तो आवाज! मी पायाने ॲक्सिलरेटर दाबत होते आणि रडत होते. खोकल्याने खिशातली बिडी माझ्या हातात दिली आणि निघून गेला.

दादा गच्चीत आला, खाली पाहिलं, आत गेला. खिडकी लावून घेतली.

लाव. काचेतूनही ऐकू येतं!

२४ फेब्रुवारी

क्लच चिकटला होता, सुटला. अंगणात चार हात पुढे, चार हात मागे. वहिनी कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "पायाने एवढं सगळं सांभाळायचं? मला जमलंच नसतं." मी म्हटलं, कधी बसून पाहिलंय? "यांनी नाही म्हटलं होतं." एवढंच बोलली. मी पुढे काही विचारलं नाही. मला तिचं काय!

२६ फेब्रुवारी

आजचा दिवस! सगळं लिहिते.

किंमत काढणारा गृहस्थ बरोबर दहाला आला. किडकिडीत, पांढरे हातमोजे. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवत होता. कुठे पत्र्याचे खड्डे लांबीने बुजवलेत का ते पाहायला. कुठेच नाही. इंजिनचा नंबर, खालच्या सांगाड्याचा नंबर, दोन्ही मूळचे. मी म्हटलं, आता रंग देणार आहे. तो दचकला. "बाई, हात लावू नका! हा मूळ रंग आहे. हे ओरखडेच हिची किंमत."

भागीदार मीच बोलावला होता. तो खुर्चीवर पाय हलवत बसला होता. दादा ऐकत नसल्यासारखं दाखवत पायरीवर उभा. मग त्या गृहस्थाने आकडा सांगितला.

गोदामाच्या सगळ्या जागेपेक्षा जास्त!

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. मग पायरी उतरून खाली आला आणि बोनेटवर हात ठेवून म्हणाला, "शेवटी बाबांची गाडी. घरचीच म्हणायची. दोघांची."

याच क्षणाची तर वाट बघत होते. म्हटलं, "दोघांची? मग सगळ्यांसमोर सांग, अंतिम फेरीच्या सकाळी गोदामाला कुलूप कोणी लावलं?"

"कसलं कुलूप? वेड लागलंय का तुला? तूच घाबरलीस." माझ्याकडे न बघता, भागीदाराकडे बघून.

आणि मागून आवाज आला.

"किल्ली माझ्याकडे दिली होती यांनी."

वहिनी. मान वर.

"मी नवीनच लग्न होऊन आले होते. म्हणाले, कपाटात ठेव, कोणी मागितली तर माहीत नाही म्हण. वन्सं दारावर दगड मारत होत्या. मी स्वयंपाकघरात कान झाकून बसले होते."

किंमत काढणाऱ्याने हातमोजे काढले. भागीदार हळूच म्हणाला, "आणि आम्ही इतकी वर्षं या पोरीला भित्री म्हणत होतो." दादा वहिनीवर खेकसला, "आत हो!" ती आत गेली नाही. तो गेला. दार आपटून.

जिंकले.

२७ फेब्रुवारी

सकाळपासून खुशीत असायला हवं. पण चीड वहिनीची येतेय! तिने ऐकलं होतं. माझा आवाज ऐकला होता. किल्ली हाताशी होती. एकदा दार उघडलं असतं तर बाबांनी मला घाटात पाहिलं असतं. दादा तर दादाच आहे, पण ती?

भागीदाराशी सौदा पक्का झालाय, गाडी उद्या द्यायचीय. वहिनीशी एक शब्द बोलणार नाही.

२८ फेब्रुवारी

गाडी न्यायला गेले. इंजिन तापवत होते तेवढ्यात वहिनी आली. हातात कपड्यांची एक पिशवी. "चौकापर्यंत सोडाल?" मी दार उघडलं नाही. तिने आपलं आपण उघडलं, बसली, पिशवी मांडीवर घेतली. दादा गच्चीतून ओरडत होता — तिचं नाव घेऊन, माझं घेऊन. ती वर बघेना.

भागीदार आपल्या दाराशी हार घेऊन उभा होता. मी हॉर्न वाजवला आणि थांबले नाही. का, ते मला माहीत नाही.

चौक आला. वेग कमी केला.

"थांबू नका, वन्सं," ती म्हणाली.